रेष खाली आली पाहिजे!

मला एखादं काम सांगून बघा. ते होतं म्हणजे होतंच! अर्धवट काही मला जमतच नाही. कपडे धुतले तर कपड्यांवर रंग उरत नाही, कुंड्यांना पाणी घातलं तर खालच्या मजल्यावरचे छत्री उघडतात, आणि एखाद्याला समजवायला बसले तर तो कबूल झाल्यावरही मी तासभर समजावत राहते. आमचे हे म्हणतात, "तुला नुसता चहा गरम करायला सांगावा, तर तू पातेलं लाल करून आणशील." मी ते कौतुक म्हणून घेते.

तर अशा माझ्या हातात वीज कंपनीने आपली अब्रू सोपवली. म्हणजे कंपनीने नाही, कंपनीत काम करणाऱ्या माझ्या नातीने. आणि तिनेही सोपवली असं नाही. ती उलट म्हणाली होती, "आजी, तू यात पडू नकोस." पण घरचं माणूस असं म्हणतं तेव्हा त्याला मदत हवी असते, एवढं कळायला काय कॉलेजात जावं लागतं?

आमची नात पूर्वी कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन पोरगी घरी यायची तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नसायचं. "जेवायला बस," म्हटलं तर म्हणायची, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." एकदा झोपेतसुद्धा तिने कुणाची तरी माफी मागितली! मग कंपनीत सगळं संगणकावर न्यायचं ठरलं, आणि हिला त्या नव्या कामावर घेतलं. तेव्हापासून पोरगी पुन्हा हसायला लागली.

त्या नव्या कामाची सुरुवात आमच्याच भागात झाली. घरोघरी नवे मीटर बसले. जुन्या मीटरमध्ये एक चकती गरगर फिरायची. या नव्या मीटरमध्ये काहीच फिरत नाही, नुसता एक लाल ठिपका डोळा मारत बसतो. रीडिंग घ्यायला माणूस येत नाही. मीटर आपला आपणच ऑफिसला कळवत राहतो, की या घरात आत्ता एवढी वीज चालली आहे.

यांना तो मीटर पहिल्या दिवसापासून खुपला. रीडिंगवाला यायचा तेव्हा यांच्या चार गप्पा व्हायच्या. "हा काय गप्पा मारणार? हा नुसता चहाड्या करणार," असं म्हणून यांनी मीटरवर टॉवेल टाकला.

"आजोबा, त्याला काही दिसत नाही हो," नात म्हणाली.

"दिसत नसेल. पण कळतं," हे हळू आवाजात म्हणाले. मीटरजवळून जाताना हे अजून हळूच बोलतात.

एका संध्याकाळी नात घरी आली ती गप्प गप्प. मी विचारलं तेव्हा खुर्चीत पाय वर घेऊन तिने सगळं सांगितलं. ऑफिसात भिंतीएवढा पडदा आहे म्हणे. त्यावर प्रत्येक गल्लीची एक रेष. गल्लीत विजेचा वापर वाढला की रेष वर, कमी झाला की खाली. आमची रेष निळी, मागच्या गल्लीची हिरवी.

"संध्याकाळी सगळेच एकदम वीज वापरतात ना आजी, तेव्हा सगळ्या रेषा छताला लागतात. त्या वेळी आम्ही लोकांना फोनवर मेसेज पाठवणार, की थोडा वेळ वापर कमी करा. लोकांनी ऐकलं तर रेष थोडी खाली येईल."

"आणि नाही ऐकलं तर?"

"गुरुवारी मोठ्या बाई येणार आहेत बघायला. मुख्य ऑफिसातून. रेष खाली आली तर हे काम सगळ्या शहरात सुरू करतील. नाही आली तर आमचा विभागच बंद." तिने गुडघ्यावर हनुवटी टेकली. "मग मी परत तक्रारींच्या फोनवर."

पुन्हा ती दिलगिरी? पुन्हा झोपेत माफ्या?

"रेष खाली आली पाहिजे!" मी म्हणाले.

"आजी." नात ताठ बसली. "तुझा तो आवाज मला ओळखता येतो. तू काही करायचं नाही. लोकांनी आपणहून केलं पाहिजे. तू कुणाला काही सांगायचं नाही. शपथ?"

"मी कशाला कुणाला सांगायला जाते?" मी म्हणाले.

आणि खरंच, मी अगदी जपून वागले. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत ज्याला ज्याला सांगितलं, त्याला त्याला बजावलं, की हे कुणाला सांगायचं नाही! दुपारपर्यंत गल्लीत असा एक माणूस उरला नाही ज्याने हे गुपित पोटात ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी बेकरीसमोर सगळे जमले. आमची गल्ली आखूड आहे, पण माणसं वजनदार आहेत. कोपऱ्यावर बेकरी, बेकरीवाल्याची विजेची भट्टी म्हणजे गल्लीतली सगळ्यात खादाड वस्तू. तिच्या शेजारी शिंपीणबाईंचं दुकान; त्यांची मशिनं आणि इस्त्र्या दिवसभर तापलेल्या, आणि बाईंची जीभही. समोर राहतात निवृत्त कवायतमास्तर. शाळा सुटून कित्येक वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात.

"संध्याकाळी भट्टी बंद?" बेकरीवाला ओरडला. "आजी, त्या वेळी आत पाव असतात! पावाला काय सांगू, कंपनीचा मेसेज आलाय, जरा फुगायचा थांब?"

"आणि माझे शाळेचे गणवेश?" शिंपीणबाई म्हणाल्या. "आत्ताच उशीर झालाय. पोरं काय मागच्या वर्षीच्या आखूड चड्ड्या घालून जाणार?"

मला वाटलं, संपलं सगळं. पोरगी चालली फोनवर. मग मी अगदी सहज, भिंतीकडे बघत म्हणाले, "नसेल जमत तर राहू दे बाई. मागच्या गल्लीलाही मेसेज जाणारच आहे. त्यांची रेष येईल खाली. मोठ्या बाईंना काय, कुठली का गल्ली असेना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

आता मागची गल्ली म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. बसायचं बाक त्यांच्याकडे आधी आलं, आमच्याकडे नंतर, आणि आलं तेही डुगडुगतं! डांबर त्यांच्याकडे आधी पडलं, आणि उरलेलं आमच्याकडे. ती सगळी मळमळ त्या क्षणी आमच्या गल्लीच्या तोंडावर दिसली.

"त्यांची रेष आपल्या खाली जाणार?" शिंपीणबाईंनी गळ्यातली टेप अशी ओढली, की मला त्यांचीच काळजी वाटली.

"पाव मी आधीच भाजून काढतो!" बेकरीवाला म्हणाला. "कच्चा राहिला तर राहिला!"

"पण बंद काय काय करायचं?" कुणीतरी विचारलं. "मी गिझर बंद करतो."

"मी इस्त्री."

"मी बाहेरचा दिवा."

एवढ्यात आमचे हे उठले. यांना मी सकाळीच सांगितलं होतं, की त्या वेळी टीव्ही बंद राहील. आणि नेमका गुरुवारी त्या वेळी यांचा फुटबॉलचा सामना होता! दिवसभर तोंडाचा चंबू करून बसलेले हे, आता एकदम पुढाऱ्यासारखे बोलायला लागले. "हे काय लावलंय? कुणाचा दिवा, कुणाची इस्त्री! करायचं तर सगळ्यांनी सगळं बंद करायचं. सरळ मेन स्विच खाली! एक घर सुटता कामा नये!"

माझा टीव्ही जातोय तर सगळ्यांचंच सगळं जाऊ दे, हा यांचा हिशोब. पण गल्लीला वाटलं, केवढा हा त्याग! टाळ्या पडल्या! आणि मलासुद्धा ते पटलं हो. थोडी खाली येण्यापेक्षा पूर्ण खाली आलेली रेष केव्हाही चांगलीच की!

"एकाच वेळी झालं पाहिजे," शिट्टीमास्तर म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "एक शिट्टी, बंद. दुसरी शिट्टी, चालू. रांगेत!"

"रांग कशाला मास्तर? स्विच घरात आहेत."

"मनातून रांगेत!"

गुरुवारी सकाळी आम्ही दोन वेळा सराव केला, हाताने, स्विचला न लावता. मागच्या गल्लीचा एक माणूस पाव घ्यायला आला, तर त्याच्यासमोर सगळे हवेत हात खाली ओढताहेत! त्याने पाव न घेताच काढता पाय घेतला.

आणि संध्याकाळी मेसेज आला. तो मोठ्याने वाचायचा मान माझा. अक्षरं माझ्या घरी फार उशिरा आली, माझी मुलं शाळा शिकून कामाला लागली तेव्हा. पण आल्यापासून मी त्यांना बसू दिलेलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं, बारीक ठशातलं, सगळं मी वाचते, आणि मोठ्याने वाचते. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा चष्मा म्हणजे मीच.

मी गॅलरीत उभी राहिले. खाली सगळे माना वर करून उभे.

"प्रिय ग्राहक," मी वाचलं. "आपण... जरा गप्प उभ्या राहा, शिंपीणबाई, ऐकू येत नाही कुणाला. प्रिय ग्राहक, आज सायंकाळी सात ते आठ या वेळेत आपल्याला शक्य असेल तेवढा विजेचा वापर कमी करावा, ही विनंती."

"शक्य असेल तेवढा!" बेकरीवाला गरजला. "आपल्याला काय शक्य नाही?"

"सगळं शक्य आहे!" गल्ली ओरडली.

सगळे आपापल्या घरात पळाले. मी आमच्या मेन स्विचखाली स्टूल घेऊन उभी. हे टीव्हीसमोर. सामना नुकताच सुरू झालेला.

"एक मिनिट, एक मिनिट, गोल होतोय..."

फुर्र!

खट्! नुसतं आमच्याकडे नाही, इकडे खट्, तिकडे खट्, वर खट्, समोर खट्! आणि गल्ली अशी विझली, जणू कुणी फुंकर मारली.

"झाला का गोल?" अंधारातून यांचा आवाज आला. "अगं, झाला की नाही?"

खरं सांगते, तशी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. फ्रिज गुरगुरायचे थांबले, पंखे थांबले, मशिनं थांबली. शेजारचा म्हातारा खोकला तर चौकापर्यंत ऐकू गेलं. रस्त्यावरचे खांबावरचे दिवे तेवढे चालू होते, ते काही आमच्या हातात नव्हते, नाहीतर आम्ही तेही सोडले नसते! त्यांच्या उजेडात एकेक जण खुर्ची घेऊन बाहेर आला. त्याच गल्लीत राहून सहा महिन्यांत ज्यांच्याशी निवांत बोलणं झालं नव्हतं अशी माणसं भेटली. बेकरीवाल्याने घाईघाईने काढलेले पाव आणले. बाहेरून पाव, आतून कणीक! पण गरम होते, आणि कुणी तक्रार केली नाही. यांनी बॅटरीवरचा जुना रेडिओ शोधून काढला आणि सामन्याचं वर्णन ऐकून आम्हाला सांगायला लागले. यांच्या संघाचा गोल झाला तेव्हा शिट्टीमास्तर आनंदाने शिट्टी वाजवणार, तोच मी त्यांचा हात धरला!

"मास्तर! दुसरी शिट्टी म्हणजे चालू!"

"अरे हो!" मास्तरांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.

शिंपीणबाई तर चक्क गायला लागल्या. आवाज गोड निघाला हो बाईंचा! मशिनच्या खडखडाटात इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही.

मी डोळे मिटून ती निळी रेष बघत होते. खाली, खाली, खाली. मोठ्या बाई बघताहेत. माझी नात शेजारी उभी. बाई तिच्या पाठीवर थाप मारताहेत.

आणि तेवढ्यात गल्लीतले सगळे फोन एकदम वाजले!

एकच बाई सगळ्यांच्या कानात बोलत होती. "प्रिय ग्राहक, आपल्या भागातील वीजपुरवठा खंडित झाल्याचे आमच्या संगणकाला आढळले आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्याकडे वीज असल्यास एक दाबा. वीज नसल्यास दोन दाबा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"वीज आहे का आपल्याकडे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आहे की," मास्तर म्हणाले. "आपण घेत नाही एवढंच. एक दाबा."

"अंधारात बसून आहे काय म्हणता? दिवा लागलाय का? दोन दाबा!" शिंपीणबाई.

"खोटं कशाला सांगायचं कंपनीला?"

"खोटं कुठे? माझ्या घरात नाहीये आत्ता!"

"म्हणजे आहे, पण नाही," हे म्हणाले. "तिसरा आकडा नाही का त्यासाठी?"

निम्म्या गल्लीने एक दाबला, निम्म्या गल्लीने दोन. मी दोन्ही दाबले. तीन होईल असं वाटलं.

मग गल्लीच्या तोंडाशी पिवळा दिवा गरगर फिरवत कंपनीची गाडी आली. वर शिडी, आत माणसं. पुढे बसलेला मुकादम उडी मारूनच उतरला. डोक्यावर टोपी, हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर धावपळ.

"तार कुठे तुटली?" त्याने ओरडून विचारलं. "कुणी हात लावू नका! सगळे लांब व्हा!"

"कुठली तार? काही तुटलं नाही, बसा ना," मी खुर्ची पुढे केली. "पाव घ्या, गरम आहे."

मुकादमाने खांबाकडे पाहिलं. तारांकडे पाहिलं. ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. मग रांगेत खुर्च्यांवर बसून पाव खाणाऱ्या गल्लीकडे पाहिलं.

"सगळं ठीक दिसतंय," तो म्हणाला. "मग अंधार का?"

"आमच्या मर्जीने," शिंपीणबाई ऐटीत म्हणाल्या.

मुकादम काही बोलणार, तेवढ्यात मागच्या गल्लीची माणसं तरातरा चालत आली. पुढे तोच, सकाळी पाव न घेता गेलेला.

"काय चाललंय तुमचं? आमचे दिवे मिचकले! टीव्ही बंद होऊन परत लागले!"

मुकादमाने हातातल्या फोनमध्ये बघितलं आणि कपाळावर हात मारला. "संगणकाला वाटलं या गल्लीची वीज गेली. म्हणून त्याने तुमची गल्ली आणि यांची गल्ली एकत्र जोडली. तुमच्याकडून यांना वीज पोचावी म्हणून."

"आमची वीज? यांना?" मागची गल्ली खवळली.

"आम्हाला नकोच आहे तुमची वीज!" आमची गल्ली खवळली. "आम्ही आमचीसुद्धा घेत नाही आहोत!"

हातघाईवर आलं असतं. पण बेकरीवाल्याने त्या पुढच्या माणसाच्या हातात पाव दिला, आणि माणूस पाव चावत असताना ओरडू शकत नाही, विशेषतः आतून कणीक असेल तर. मग त्यांनाही खुर्च्या दिल्या. शिंपीणबाईंनी गाणं परत पहिल्यापासून धरलं.

आणि माझा फोन वाजला. नात!

"आजी!" आवाज असा, जणू धावत जिना चढून आली. "गल्लीत काय झालंय?"

"रेष खाली आली ना?" मी लाडाने विचारलं.

"खाली? आजी, रेष जमिनीला टेकली! सगळ्या घरांचा आकडा एका क्षणात शून्य! इतकं शून्य वीज गेल्याशिवाय होतच नाही, म्हणून संगणकाने आणीबाणी लावली! सगळा पडदा लाल झालाय! मोठ्या बाई माझ्या मागे उभ्या आहेत आणि मला विचारताहेत, हे काय? काय सांगू मी?"

"सांग की लोकांनी ऐकलं."

"थोडं ऐकायचं होतं गं! आजी, मेन स्विच पाडायला कुणी सांगितलं यांना? राहू दे, मला कळलं. आता ऐक. चालू करा, पण..."

"करते, करते! आत्ता करते!" मी म्हणाले. पोरगी अडचणीत असताना मी 'पण'पर्यंत थांबणार? मी फोन खाली घेतला आणि ओरडले, "मास्तर! शिट्टी!"

फोनमधून बारीक आवाज येत होता. "एकेक करा आजी, एकदम नको! हळूहळू! आजी? आजी!" मला वाटलं, आभार मानत असेल.

फुर्र!

सराव केलेली गल्ली! एका क्षणात सगळे मेन स्विच वर! बेकरीची भट्टी, शिंपीणबाईंच्या इस्त्र्या, सगळ्यांचे फ्रिज, गिझर, पंखे, पाण्याचे पंप, सगळ्यांनी एकाच वेळी तोंड उघडलं, आणि त्यात ट्रान्सफॉर्मरला आता मागची गल्लीही जोडलेली! तो बिचारा आधी हुंकारला. मग गुरगुरला. मग...

फाट्!

निळी ठिणगी उडाली, आणि सगळं गेलं. घरं गेली, खांबावरचे दिवे गेले, मागची गल्ली गेली. इतका काळोख, की हातातला पाव तोंडाला सापडेना.

त्या अंधारात मुकादमाचा शांत आवाज आला. "आता मात्र गेली बरं का."

मी घाबरून फोन कानाला लावला, तर नात नाहीच, तीच मघाची बाई! "प्रिय ग्राहक, आपण 'वीज आहे' असे कळवल्यामुळे आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

"एक कुणी दाबला होता?" शिंपीणबाई अंधारात गरजल्या. "मास्तर!"

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. मीही सरकवली. मी दोन्ही दाबले होते हे सांगायची ती वेळ नव्हती.

खुर्चीत बसून राहिले. रेष खाली आणायला निघाले होते, आणि मी पोरीलाच खाली आणलं होतं. उद्यापासून तिच्या कानाला फोन, आणि फोनमध्ये मागच्या गल्लीची ही माणसं! हे अंधारात चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसले.

"मेन स्विचचं मी म्हणालो होतो," हे म्हणाले. "तुझं नाव नको घेऊ."

लग्नाला इतकी वर्षं झाली, एखादी चूक यांनी आपणहून स्वतःकडे घेतल्याची ही पहिलीच वेळ. मी तर यांचा हात धरला. नंतर कळलं तो बेकरीवाल्याचा होता.

मुकादम मात्र एकदम खुशीत आला होता. इतका वेळ त्याला काम सापडत नव्हतं, आता सापडलं! टॉर्च लावले, शिडी लावली, माणसं वर गेली. जळलेला फ्यूज काढून नवा बसवेपर्यंत गाण्याची दोन कडवीसुद्धा झाली नाहीत. मग तो मास्तरांसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

"शिट्टी."

"अहो, ती माझी..."

"शिट्टी."

मास्तरांनी शिट्टी काढून दिली. बाहेर काढलेल्या दातासारखी ती त्यांनी तळहातावर ठेवली. मुकादमाने ती खिशात घातली आणि गल्लीला सांगितलं, "आधी सगळ्यांनी मेन स्विच पाडा. आता मी बोट दाखवेन त्याच घराने चालू करायचं. एका वेळी एक. सगळ्यात शेवटी हे घर." शेवटी म्हणताना बोट आमच्या घराकडे होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण अनुभवी माणूस होता.

घरं एकेक करून उजळत होती, तेवढ्यात कंपनीची दुसरी गाडी आली. आतून नात उतरली. चेहरा उतरलेला. आणि तिच्यामागून मोठ्या बाई. पांढरे आखूड केस, हातात फोन, त्यावर आमच्या रेषा.

मी उठले. पाठ केल्यासारखं घडाघडा म्हणाले, "बाई, पोरीची काही चूक नाही. तिने मला शपथ घातली होती. तिला फोनवर पाठवू नका. ती झोपेत माफी मागते हो!"

"आजी!" नात कुजबुजली.

मोठ्या बाईंनी गल्लीवरून नजर फिरवली. "एकाच क्षणी सगळी घरं बंद. हे सगळ्यांना सांगितलं कुणी?"

ज्यांनी ज्यांनी गुपित राखायचं मला वचन दिलं होतं, त्या सगळ्यांची बोटं एकदम माझ्याकडे वळली. शिट्टीसुद्धा लागली नाही! मागच्या गल्लीचीही बोटं वळली. बेकरीवाल्याने तर पावानेच दाखवलं.

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या!

"आजी," त्या म्हणाल्या, "आम्ही असे मेसेज किती ठिकाणी पाठवले. लोक उघडून बघतसुद्धा नाहीत. इथे एका मेसेजवर आख्खी गल्ली बंद होते! आणि दुसरं..." त्यांनी हातातला फोन मुकादमाला दाखवला. "यात बघा. दुरुस्तीची गाडी आली ती वेळ. आणि फ्यूज उडाला ती वेळ. बिघाड होण्याआधी माणसं पोचली, असं आमच्या खात्यात आजवर कधी झालेलं नाही."

मुकादमाने टोपी नीट केली. "आम्ही तयारीतच असतो, बाई," तो म्हणाला.

"शहरात सुरू करूया," मोठ्या बाई नातीला म्हणाल्या. "फक्त मेसेज जरा नीट लिहा. लोक इतके चांगले असतील हे आपण धरलंच नव्हतं."

नातीने आधी मला मिठी मारली, मग माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मग परत मिठी मारली. शिंपीणबाईंनी मोठ्या बाईंना खुर्ची दिली. त्यांनी पाव खाल्ला, कणीकसुद्धा गिळली आणि काही बोलल्या नाहीत. माणसं उगाच मोठ्या पदावर जात नाहीत. दोन्ही गल्ल्या उजळल्या तरी कुणी घरी जाईना. हे तर सामना संपल्यावरही वर्णन सांगत होते. पुढचे गोल यांनी आपल्या मनानेच केले.

नात अजून हसते. फोनवर बसत नाही. झोपेत मात्र आता "आजी, एकदम नको!" म्हणून ओरडते.

परवा पुन्हा मेसेज आला, आता सगळ्या शहराला येतो तसा. मी गॅलरीत उभी राहून मोठ्याने वाचला. "प्रिय ग्राहक, आज सायंकाळी विजेचा वापर थोडा कमी करावा, ही विनंती. थोडा म्हणजे थोडाच." खाली सगळे हसले. आणि लगेच मागोमाग दुसरा मेसेज आला, तो फक्त माझ्या फोनवर. कंपनीचा नव्हे, नातीचा. "आजी, तू एकच दिवा बंद कर. एकच. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी म्हटलं, ठीक आहे. पोरीचा शब्द मोडायचा नाही. एकच दिवा!

आता आमच्या घरातला नेमका कोणता दिवा बंद करावा, हे ठरवायला मी लगेच बेकरीसमोर गल्लीची बैठक बोलावली. मागची गल्लीही आली होती. शिट्टी अजून मुकादमाच्या खिशात आहे, हे एक बरं आहे.